जुनं स्प्रिंगचं एअर पिस्तूल जोर धरत नाही? आधी छर्रा बघा, मग वॉशर. खटक्यापाशी मात्र थांबा

आमच्या शाळेच्या नेमबाजीच्या वर्गात सहा एअर पिस्तुलं आहेत. सहाही एकाच घडणीची. नळी मोडायची, म्हणजे बिजागरीवर वाकवायची, की आतली स्प्रिंग ताणली जाते. मग छर्रा बसवायचा, नळी मिटवायची. आत स्प्रिंग आणि पिस्टन, पिस्टनच्या तोंडावर हवा धरणारं वॉशर, छर्रा ४.५ मिलिमीटरचा, म्हणजे ज्याला सगळे पॉइंट वन सेव्हन सेव्हन म्हणतात तो. ही पिस्तुलं एके काळी स्वस्तात मिळायची, आता निघणं बंद झालंय. सुटे भाग मिळत नाहीत आणि नावही वाईट. "खेळणं आहे ते मॅडम", "दोन महिन्यांत बसतं" हे मी पहिल्या दिवसापासून ऐकत आलेय.

बनवणाऱ्याचं नाव लिहीत नाही. ही घडण वेगवेगळ्या कारखान्यांनी काढली आणि सगळ्यांची दुखणी सारखीच आहेत. गेली अकरा वर्षं मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात मुलांना नेमबाजी शिकवते. या अकरा वर्षांत 'पिस्तूल जोर धरत नाही' ही एकच तक्रार कितीदा निस्तरली ते मोजायचं सोडून दिलंय. दरवेळी मुळाशी तीन-चार गोष्टींपैकीच एक निघते आणि बहुतेक वेळा सगळ्यात स्वस्त तीच.

सिलिंडरवर चालणाऱ्या, म्हणजे हवा किंवा सीओटू भरलेल्या पिस्तुलांना यातलं काही लागू नाही. ती घरी उघडायचीच नाहीत.

लक्षणं

जोर गेला. छर्रा पुठ्ठ्याच्या आरपार जायचा तो आता अर्धवट रुतून बसतो, किंवा आपटून खाली पडतो. नेम तोच, हात तोच, पण छिद्रं कागदावर रोज थोडी थोडी खाली सरकतायत.

छिद्रं विखुरली. पाच छर्रे रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत यायचे, ते आता तळहाताएवढ्या जागेत येतात.

उडवताना फट्ट असा मोठा आवाज, नळीतून निळसर धूर, जळक्या तेलाचा वास.

उडवलं की अंगठ्याला किंवा गालाला वाऱ्याची फुंकर लागते. हे लक्षण मुलं सांगत नाहीत, विचारावं लागतं.

उडवल्यावर आत तारेसारखी झणझण होते, आणि नळी मोडताना आतून खरखर लागते.

छर्रा नळीतच अडकला.

नळी पूर्ण मोडली तरी 'कट' असा आवाज येत नाही, खटका, म्हणजे पिस्टन ताणून धरणारी आतली जीभ, धरत नाही. किंवा त्याहून वाईट म्हणजे ट्रिगर न ओढता पिस्तूल उडतं. हे शेवटचं लक्षण एकदा जरी दिसलं तरी मधलं सगळं सोडून थेट शेवटच्या भागावर जा. तोवर पिस्तूल कपाटात, कुलपात.

छर्रा खाली का सरकतो ते मुलांना फळ्यावर मांडून दाखवते, तेच इथे देते. छर्रा सेकंदाला १०० मीटर वेगाने निघाला तर १० मीटर जायला सेकंदाचा दहावा भाग लागतो आणि तेवढ्यात तो साधारण पाच सेंटिमीटर खाली येतो. वेग ७० वर आला की तोच छर्रा दहा सेंटिमीटर खाली येतो. फरक पाच सेंटिमीटरचा. १० मीटर पिस्तुलाच्या कागदावर दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं असतं आणि पुढची वर्तुळं ८-८ मिलिमीटरच्या अंतराने. म्हणजे दहात बसणारा छर्रा सहा वर्तुळं उतरून चारात जातो. मूल बिचारं हात बदलतं, श्वास बदलतं, रडकुंडीला येतं, आणि दोष वॉशरचा असतो. म्हणून गुण अचानक घसरले की मी आधी पिस्तूल तपासते, मग मुलाला बोलते.

हात लावण्याआधी

नळी मोडून पिस्तूल ताणलेलं असताना ट्रिगर ओढला गेला, तर उघडी नळी सापळ्यासारखी मिटते. बोटं मोडतात, नळी वाकते. म्हणून छर्रा बसवताना दुसऱ्या हाताने नळी धरूनच ठेवायची. यात सवलत नाही, मला स्वतःलाही नाही.

ताणलेलं पिस्तूल हळूच सोडायची सोय या घडणीत नाही. ताणलं असेल तर छर्रा भरून, जुन्या कपड्यांनी गच्च भरलेल्या खोक्यात उडवून मोकळं करायचं. रिकामं उडवायचं नाही. छर्रा पुढे असला की पिस्टनसमोर हवेची गादी तयार होते. छर्रा नसेल तर हवा सुळकन निघून जाते आणि पिस्टन लोखंडावर आपटतो. वॉशर फाटणं आणि स्प्रिंग तुटणं, दोन्ही इथूनच सुरू होतं. दुकानात हातात घेऊन दहा वेळा रिकामं उडवून बघणारं गिऱ्हाईक पिस्तुलाचं निम्मं आयुष्य तिथेच संपवतं.

डोळ्याला गॉगल, आसपास लहान मूल नको, आणि छर्रे हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे. छर्रा शिशाचा असतो. पोरं छर्रे ओठात धरून एकेक भरतात, हे मी दरवर्षी नव्या तुकडीत बघते आणि दरवर्षी थांबवते.

पहिलं: छर्रे बदलून बघा

खर्च एका डबीचा. सगळ्यात आधी हेच, कारण निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

स्वस्त डबीतल्या छर्‍यांचे मागचे घेर चेपलेले असतात. हवा धरायचं काम तो घेर करतो. तो चेपला की बाजूने हवा निसटते आणि छर्रा डुलत जातो. तपासायची रीत सोपी आहे. टेबलावर काच ठेवा, तिचं एक टोक वहीने थोडं उचला आणि छर्रे एकेक करून घरंगळवा. चांगला छर्रा एकाच बाजूला सारखं वळण घेत जातो. चेपलेला अडखळतो, लचकतो. आमच्या वर्गात शनिवारी हेच काम असतं. डबी ओतायची, बऱ्या-वाईट दोन वाट्या करायच्या. वाईट वाटीतले सरावालाही वापरत नाही.

मग छर्रा नळीत कसा बसतो ते बघा. अंगठ्याने हलका दाब देऊन बसला आणि मागची कड नळीच्या तोंडाशी सपाट झाली, तर ठीक. आपोआप आत घसरला तर तो या नळीला सैल आहे. ठोकून बसवावा लागला तर जाड आहे. डबीवर आकडा तोच ४.५ असला तरी दोन डब्यांत सूक्ष्म फरक असतो आणि कमी ताकदीच्या पिस्तुलात तो लगेच जाणवतो. जड छर्रेही नकोत. अर्ध्या ग्रॅमच्या आसपासचा चपट्या तोंडाचा छर्रा या स्प्रिंगला झेपतो. कागदावर गोल, स्वच्छ छिद्रही तोच पाडतो.

लोखंडी गोळ्या आणि पिसांचे बाण अशा नळीत कधीच घालू नका. नळीच्या आतले पीळ घासले गेले की ते परत येत नाहीत. सेकंडहँड घेताना मी आधी हेच विचारते, "यात बाण उडवलेत का?"

दुसरं: स्क्रू

दोन मिनिटांचं काम. स्प्रिंगचं पिस्तूल दर वेळी पुढे-मागे असे दोन झटके खातं आणि स्क्रू ढिले होतात. मुठीचे, मागच्या साइटचे (नेम धरायच्या मागच्या खाचेचे) आणि नळी ज्यावर मोडते त्या बिजागरीचा, एवढे बघा. बरोबर मापाचा पेचकस घ्या, नाहीतर खाच जाते आणि असला स्क्रू आता कुठे मिळत नाही. बिजागरी आवळताना नळी आपल्या वजनाने पडणार नाही पण बोटाने ढकलली की हलेल, एवढंच आवळा. छिद्रं विखुरली असतील आणि जोर कायम असेल, तर दोष बहुधा इथे किंवा मागच्या साइटमध्ये आहे.

तिसरं: नळी पुसणं

पिस्तूल ताणलेलं नाही याची खात्री करा. नळी अर्धवट मोडा. मासे धरायची नायलॉनची दोरी दुहेरी करा, तिच्या फासात मलमलचा बोटभर तुकडा अडकवा, आणि मागून पुढे, छर्रा जातो त्याच दिशेने ओढा. पहिला तुकडा काळा येईल, तिसरा-चौथा करडा, मग पांढरा. लोखंडी सळई घालायची नाही, विशेषतः पुढच्या तोंडाकडून. छर्रा बाहेर पडताना नळीच्या ज्या कडेला शेवटचा शिवतो, ती कड ओरखडली की नेम कायमचा गेला.

छर्रा अडकला असेल तर त्याच्यामागे दुसरा भरून उडवू नका. अडकलेले दोन काढणं एकापेक्षा फार अवघड. नळीत सैलसर जाईल अशी पितळी किंवा लाकडी काडी घ्या, पुढून मागे हलक्या हाताने ढकला, छर्रा भरायच्या तोंडातून बाहेर येईल. येत नसेल तर ठोकाठोक न करता मेकॅनिककडे न्या.

चौथं: नळीच्या बुडाची रिंग

नळी मिटल्यावर जिथे दोन भाग भेटतात, तिथे चामड्याची किंवा रबराची छोटी रिंग असते. ती चेपली की हवा छर्‍यामागे न जाता सांध्यातून बाहेर पडते. अंगठ्याला लागणारी फुंकर ती हीच.

तपासायला टिश्यू पेपरची अर्धा इंच रुंद पट्टी घ्या आणि सांध्यावर नुसती टेकवून ठेवा. छर्रा भरून खोक्यात उडवा. पट्टी उडाली किंवा फडफडली, तर रिंग गेली. तशीच राहिली, तर रिंग बरी आहे आणि दोष आत आहे. हे एवढं कळणं फार मोलाचं आहे, कारण रिंग दहा-वीस रुपयांत येते आणि आतलं काम हजारात जातं.

जुनी रिंग टाचणीने अलगद उचला. बाजार समितीजवळ हायड्रॉलिकचे सील विकणारी दुकानं असतात, तिथे जुनी रिंग नमुन्याला न्या आणि तेल सोसणाऱ्या रबराची ओ-रिंग मागा. चपटी झालेली रिंग मापाला फसवते, म्हणून खाचेचा व्यास आणि खोलीही मोजून न्या. बसवल्यावर रिंग खाचेबाहेर किंचित, जेमतेम अर्धा मिलिमीटर, वर दिसली पाहिजे. फार वर आली तर नळी मिटायला जोर लागेल आणि बिजागरीवर ताण येईल. नवी मिळेपर्यंत जुन्या रिंगेखाली पोस्टकार्डाच्या कागदाची गोल चकती घालून ती उचलता येते. असं एक पिस्तूल आमच्याकडे पूर्ण एक सत्र चाललं.

पाचवं: चामड्याचं वॉशर

इथवर काही सापडलं नसेल, तर आता मुख्य दुखण्याशी आलो.

हे मला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. पहिल्या वर्षी सहापैकी चार पिस्तुलं उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर मेल्यासारखी झाली. मी पिशवीत घालून निघाले होते. वाटेत चप्पल तुटली म्हणून बाजारपेठेतल्या चर्मकार मामांकडे थांबले. मामांनी पिशवी बघून विचारलं, मी आत काय असतं त्याचं चित्र वहीत काढून दाखवलं. मामा म्हणाले, "बाई, हे तर सायकलच्या पंपाचं वॉशर की! वाळलंय ते. तेल पाजा."

तंतोतंत तेच होतं. पंपाच्या दांड्याला खालच्या टोकाला चामड्याची वाटी असते. वर्षभर पंप कोपऱ्यात पडला की दांडा खालीवर जातो पण हवा भरत नाही. मग आपण दोन थेंब तेल सोडतो आणि पंप पुन्हा धरायला लागतो. पिस्तुलातल्या पिस्टनच्या तोंडावर अशीच वाटी असते. स्प्रिंग सुटली की पिस्टन पुढे धावतो, वाटीची कड सिलिंडरला, म्हणजे पिस्टन ज्यात धावतो त्या नळकांड्याला, चिकटते, हवा दाबली जाते आणि बारीक भोकातून छर्‍यामागे जाते. चामडं वाळलं की आकसतं, कड सुटते आणि हवा मागे पळते. स्प्रिंग तेवढाच जोर लावते, पण तो छर्‍यापर्यंत पोचतच नाही. या पिस्तुलांचं नाव जे खराब झालं ते बरंचसं इथे. लोक "स्प्रिंग बसली" म्हणून ती अडगळीत टाकतात आणि स्प्रिंगला काहीही झालेलं नसतं.

तेल असं द्यायचं. पिस्तूल ताणलेलं नको. नळी फक्त सांधा उघडण्याइतकी मोडा. नळीच्या मागे, सिलिंडरच्या तोंडाशी, बारीक भोक दिसेल. त्यात तीन-चार थेंब तेल सोडा, जास्त नाही. नळी मिटा आणि पिस्तूल तोंड वर करून रात्रभर भिंतीला टेकवून ठेवा, म्हणजे तेल उतरून वॉशरवर जाईल आणि चामडं ते हळूहळू पिईल. दुसऱ्या दिवशी खोक्यात दहा-पंधरा छर्रे उडवा. पहिले चार-पाच धुरकट आणि मोठ्या आवाजाचे जातील, पुढचे शांत होतील. एवढ्याने जोर परत आला तर काम संपलं. नाही आला तर आणखी एकदाच करा.

तेल कुठलं? चामड्याचं, जनावरी चरबीपासून काढलेलं मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर साधं इंजिन ऑइल, पातळ नव्हे, थोडं दाट. खोबरेल तेल मात्र नको. ते २४ अंशांच्या आसपास गोठतं. डिसेंबरच्या सकाळी आमच्याकडे पारा त्याच्या बराच खाली असतो आणि पिस्टनसमोर मेणासारखा थर बसतो. एका पालकांनी प्रेमाने घरून खोबरेल घालून आणलं होतं. मुलाच्या हातातलं पिस्तूल सकाळी सातला उडेना आणि दुपारी बाराला व्यवस्थित उडायला लागलं. कारण कळायला मला तीन दिवस लागले. गंज सोडवायचा फवारा, रॉकेल, डिझेल हेही नको. दाबलेली हवा तापते, तेलाची वाफ पेट घेते, आणि धूर-आवाज होतो तो त्याचाच. थोडा धूर आपोआप जातो. पण जास्त जोर मिळतो म्हणून कुणी मुद्दाम तेल ओतत असेल, तर थांबवा. त्या धडाक्याने वॉशर जळतं आणि स्प्रिंग फुटते.

वॉशर प्लास्टिकचं असेल तर हे तेल चालत नाही, सिलिकॉन ऑइलचा एकच थेंब द्यायचा. आपलं कुठलं आहे ते आधीच्या मालकाला किंवा मेकॅनिकला विचारून घ्या आणि पिस्तुलाच्या पिशवीत चिठ्ठी लिहून ठेवा.

जोर आला की नाही ते मोजायला आमच्याकडे यंत्र नाही. कपडे धुवायच्या साबणाची नवी वडी तीन मीटरवर खोक्यासमोर उभी करते आणि एक छर्रा उडवते. मग काडी घालून खोली मोजायची आणि वहीत लिहायची. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, त्याच बनावटीच्या साबणात. आकड्याला स्वतःचा अर्थ काही नाही, पण मागच्या महिन्यापेक्षा कमी झाला की वॉशर तहानलेलं आहे हे गुण घसरायच्या आधी कळतं.

वॉशर फाटलं असेल तर

तेल दोनदा देऊनही जोर येत नाही, टिश्यूची पट्टी हलत नाही, छर्रे चांगले आहेत. अशा वेळी वॉशर फाटलेलं किंवा झिजलेलं समजा. इथे पिस्तूल उघडावं लागतं आणि इथे आपण थांबायचं.

पिस्तूल ताणलेलं नसलं तरी आतली स्प्रिंग दाबूनच बसवलेली असते. मागची पिन काढली की ती सगळा जोर एकदम सोडते. तिसऱ्या वर्षी मी हे घरी टेबलावर करून बघितलं. पिन निघाली, मागचं बुच माझ्या कानाजवळून गेलं आणि मागच्या कपाटाची काच फुटली. गालावर खरचटलं होतं, इंचभर अलीकडे डोळा होता. त्या दिवसापासून स्प्रिंग दाबायचा शिकंजा असलेल्या मेकॅनिकशिवाय मी हे काम कुणाकडे देत नाही. लेथवाले, सायकलवाले "करून देतो की" म्हणतात. त्यांना विचारा, शिकंजा आहे का? नसेल तर पिस्तूल परत आणा.

वॉशर मात्र आपण करून देऊ शकतो. मेकॅनिकने पिस्टन काढला की जुनं वॉशर आणि सिलिंडरचं माप मागून घ्या. आमचं वॉशर त्याच चर्मकार मामांनी केलं, चाळीस रुपयांत. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं असतं. ते कडक असतं आणि ओलं करून दाबलं तर दिलेला आकार धरतं. पर्स-जॅकेटचं मऊ कातडं वाटीसारखं उभं राहत नाही. मामांनी तीन मिलिमीटर जाडीचा गोल तुकडा कापला, कोमट पाण्यात भिजवला, सिलिंडरच्या मापाच्या पाइपच्या तुकड्यात लाकडी गुल्लीने दाबून बसवला आणि सावलीत दोन दिवस वाळू दिला. उन्हात ठेवलं तर तडकतं. मग कड रापीने सारखी केली आणि तेलात बुडवून ठेवलं. तसली चार वॉशर आज आमच्या पिस्तुलांत आहेत. सगळ्यात जुनं सहा वर्षांचं आहे.

स्प्रिंग खरंच थकली असेल, तर तीही त्याच वेळी मेकॅनिकनेच बदलायची. जास्त जोराची स्प्रिंग मागू नका. खटका मूळ स्प्रिंगच्या हिशोबाने बनलेला आहे, जादा ताण त्याला सोसत नाही. कायद्याचंही भान ठेवा. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंतच्या हवेच्या शस्त्राला परवाना लागत नाही. आपलं पिस्तूल तीन ज्यूलच्या आसपास असतं, पण मोडतोड करून काहीतरी भलतं तयार करायचा हक्क त्यातून मिळत नाही. आणि द्राक्षबागेतले पोपट, झाडावरची वानरं यांच्यावर ते रोखायचं नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा एअर पिस्तुलालाही लागू आहे. दुरुस्ती करून दिल्यावर हे मी प्रत्येक शेतकरी पालकाला सांगते.

खटका: इथे घरगुती उपाय नाही

पिस्टन ताणून धरणारी छोटी लोखंडी जीभ म्हणजे खटका. स्प्रिंगचा सगळा भार तिच्या मिलिमीटरभर कडेवर असतो. महाग पिस्तुलात ती कड पोलादाची आणि कडक केलेली असते. या स्वस्त पिस्तुलांत धातू मऊ आहे, वरचा कडक थर पातळ आहे, आणि काही हजार छर्‍यांनंतर कड गोल होते. यांची बाकी बदनामी मी खोडून काढते, पण ही बदनामी खरी आहे.

कड गोल होत चालली की ट्रिगर हलका लागायला लागतो. मुलांना ते आवडतं, "मॅडम, हे एकदम स्मूथ झालंय." हे वाक्य ऐकलं की मी ते पिस्तूल लगेच काढून घेते. प्रयोगशाळेतला तानकाटा ट्रिगरला अडकवायचा, छर्रा भरून तोंड खोक्याकडे ठेवायचं, आणि सरळ मागे ओढत कितीवर सुटतं ते बघायचं. आमची पिस्तुलं दीड ते दोन किलोवर सुटतात. स्पर्धेच्या पिस्तुलालाही नियमाने किमान ५०० ग्रॅम लागतातच, आणि ती त्यासाठीच घडवलेली असतात. आमचं तीन नंबरचं एका पावसाळ्यात पावणेदोन किलोवरून ४०० ग्रॅमवर आलं. त्या दिवशी ते बंद केलं.

कानस लावून कड पुन्हा धारदार करता येईल असं वाटतं. करू नका. कानशीने तो पातळ कडक थर निघून जातो, खालचा मऊ धातू आठवड्यात पुन्हा गोल होतो, आणि मधल्या काळात कुठल्या क्षणी सुटेल याचा भरवसा राहत नाही. जाणत्या मेकॅनिकने नवा खटका बनवून, कडक करून बसवला तरच ते पिस्तूल पुन्हा हातात घ्यायचं. तो "होणार नाही" म्हणाला तर त्याचं ऐकायचं.

महागड्या वस्तूही ऐनवेळी दगा देतात. २५ जुलै २०२१ ला टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलाचा कॉकिंग लिव्हर तुटला. दुरुस्तीत वेळ गेला आणि ती ५७५ गुणांसह बारावी आली. तीन वर्षांनी पॅरिसला तिने दोन कांस्यपदकं घेतली. पिस्तूल बिघडलं म्हणून हिरमुसलेल्या मुलांना मी हे सांगते, आणि ती ऐकतात.

तीन नंबरचा खटका आमच्या मेकॅनिकभाऊंनी बघितला आणि नाही म्हणाले. मग त्यांच्याकडूनच ते पूर्ण उघडून घेतलं. खटका आणि ट्रिगर भंगारात दिले, म्हणजे कुणी ते पुन्हा जोडायला जाणार नाही. बाकीचे भाग तेलाच्या फडक्यात गुंडाळून, नावाच्या चिठ्ठ्या लावून डब्यात ठेवलेत. त्याच्या जागी दुसरं जुनं पिस्तूल आणलं, म्हणून आकडा आजही सहाच आहे. गेल्या महिन्यात पाच नंबरच्या बिजागरीच्या स्क्रूची खाच गेली तेव्हा त्याच डब्यातला स्क्रू बसला. मागच्या साइटचा एक पेच अजून शिल्लक आहे.